गोणीतल्या जाळ्या

आमच्या साइटवरचं ग्रीन बिल्डिंगचं पहिलं ट्रेनिंग सेल्स ऑफिसात झालं, कारण एसी तेवढ्या एकाच जागी होता. ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जरा अलीकडे, आमचे अठ्ठावीस मजल्यांचे दोन टॉवर उभे राहत होते. मे महिना. बाहेर पत्र्याच्या शेड तव्यासारख्या तापलेल्या आणि आत आम्ही चौदा जण अठरा डिग्रीवर कुडकुडत ऊर्जाबचतीच्या स्लाइड बघत बसलेलो. इंजिनीअर मंडळी, दोन स्टोअरवाले, सेफ्टीचा एक आणि क्वालिटीची मी. शिकवायला आलेल्या कन्सल्टंट मॅडमना विषयाची उत्तम जाण होती, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पाणी, ऊर्जा, साहित्य, घरातली हवा, जागेची निवड असे सगळे भाग त्यांनी दोन दिवसांत नीट उलगडले. शेवटी दहा मार्कांची चाचणी झाली. मला दहापैकी दहा. प्लंबिंगच्या माणसांना बोलावलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

बिल्डरला एकाएकी निसर्गाचा पुळका आला होता असं काही नाही. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे सगळे ज्याला यूडीसीपीआर म्हणतात त्यात, ग्रीन रेटिंग घेणाऱ्या प्रकल्पाला मूळ एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या मानाने जेवढं बांधकाम करता येतं त्यावर, वाढीव एफएसआय मिळतो. सिल्व्हरला ३ टक्के, गोल्डला ५, प्लॅटिनमला ७. आम्ही गोल्ड कबूल केलं होतं. घोडबंदर पट्ट्यात ५ टक्के म्हणजे किती पैसे, हे सेल्सच्या पोरांना तोंडपाठ होतं. आणि कबूल केलेलं रेटिंग शेवटी पदरात पडलं नाही तर दंड. म्हणजे एफएसआय आधी घेतलेला, आता तो फेडायचा. मला हे कारण ऐकून वाईट वाटलं नाही. पैशाची गाठ असली की साइटवर कामं होतात, नुसत्या पोस्टरने होत नाहीत.

रेटिंग देणारी संस्था आयजीबीसी, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. सीआयआयने २००१ साली सुरू केलेली, कचेरी हैदराबादला. आधी नकाशे आणि आकडेमोड बघून प्री-सर्टिफिकेशन देतात. खरी परीक्षा शेवटी, काम संपल्यावर. तेव्हा बिलं, चलनं, फोटो, टेस्ट रिपोर्ट असा सगळा पुरावा मांडावा लागतो. त्यासाठी ऑफिसात एक नवी फाइल उघडली गेली, हिरव्या पाठीची. आमच्या क्वालिटीच्या फाइली निळ्या. दोन्ही एकाच कपाटात, एकाच खणात. पुढची अडीच वर्षं त्या फाइली शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, पण ते समजायला मला तीन ठेचा लागल्या.

पहिली ठेच काँक्रीटची. सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात, आणि त्या चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीला जाळलेल्या इंधनाचा वेगळा. म्हणून सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी पोलाद कारखान्यातली दळलेली स्लॅग घालायची, असं हिरव्या फाइलीत ठरलं होतं. एम ४० ग्रेडच्या, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताकद हवी अशा, आमच्या मिक्समध्ये सिमेंटच्या जागी जवळजवळ निम्मी स्लॅग होती. मिक्स डिझाइन झालं, सल्लागारांच्या सह्या झाल्या, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकत, मेट्रो ४ च्या खांबांमधून वाट काढत मिक्सरच्या गाड्या रात्री बारानंतर येऊ लागल्या.

सात दिवसांनी पहिले क्यूब, म्हणजे ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे ओतून ठेवलेले ठोकळे, फोडले. लॅबमधल्या पोराने क्यूब यंत्रात ठेवला, लिव्हर ओढला, आकडा चढत गेला आणि ५०६ किलोन्यूटनला टचकन आवाज येऊन थांबला. दीडशे मिलिमीटरचा क्यूब, म्हणजे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. भागून आले चौरस मिलिमीटरला साडेबावीस न्यूटन. आमच्या निळ्या फाइलीतल्या चेकलिस्टप्रमाणे सातव्या दिवशी निदान दोनतृतीयांश ताकद हवी, म्हणजे सव्वीस-सत्तावीस. मी क्षणाचाही विचार न करता एनसीआर काढला. काम निकषात बसत नाही याचा हा कागद. साइटवर त्याला सगळे वचकून असतात.

पीएम साहेबांनी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरनी, बोलावून घेतलं. "अहो मॅडम, स्लॅब पाडायचा का आता?"

"सर, क्यूब फेल आहेत."

"स्लॅग आहे त्यात. स्लॅग सावकाश पकडते हे तुम्हीच ट्रेनिंगला शिकून आलात ना?"

शिकले होते. त्या प्रश्नाला मार्कही मिळाला होता. पण माझी चेकलिस्ट शुद्ध सिमेंटच्या जमान्यातली होती, जुन्या प्रकल्पावरून उचललेली, आणि मी तिच्यावर टिक करत होते. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचा भारतीय कोड, तर साफ सांगतं की काँक्रीट घ्यायचं की नाकारायचं ते २८ दिवसांच्या ताकदीवरच ठरतं. सात दिवसांचा आकडा फक्त अंदाजासाठी. अठ्ठाविसाव्या दिवशी त्याच लॉटचे क्यूब सत्तेचाळीसच्या आसपास फुटले. एनसीआर बंद झाला.

पण गोष्ट तिथे संपत नव्हती, आणि इथे पीएम साहेबही गप्प झाले. स्लॅग सावकाश पकडत असेल तर टेकूही सावकाश काढायला हवेत आणि पाणीही जास्त दिवस मारायला हवं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी, मिश्रण असेल तर किमान दहा, आणि चौदा मारले तर उत्तम, असं कोडात आहे. आमचं स्लॅबचं चक्र मात्र जुनंच होतं. चौथ्या दिवसापासून वरच्या कॉलमची गडबड सुरू, सातव्या दिवशी पाणी मारणारी माणसं दुसऱ्या टॉवरला. कार्बन वाचवायचा म्हणून स्लॅग घालायची आणि मग तिला पाणी द्यायचं नाही, हा उपाशी ठेवून बाळसं धरण्याची वाट बघण्याचा प्रकार होता. भांडून भांडून शेवटी दहा दिवस मिळाले. गोणपाट अंथरून पाणी मारायला दोन माणसं वाढवली, आणि टेकू काढण्याआधी स्लॅबशेजारीच ठेवलेले क्यूब फोडून बघायचे असं ठरलं. चौदा दिवस काही मिळाले नाहीत.

दुसरी ठेच लहान. भिंतींना लाल विटा न वापरता एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, होते. वजनाने हलके, आणि आतल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे उष्णता कमी आत येते. २०१८ च्या इको निवास संहितेत निवासी इमारतीच्या बाह्य आवरणातून किती उष्णता आत यावी याची चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा आहे. ठाण्याच्या दमट उकाड्यात ती गाठायला हे ब्लॉक उपयोगी पडतात. दोनेक मजल्यांचं प्लास्टर झाल्यावर चार महिन्यांनी सांध्यासांध्यांवर बारीक भेगा दिसू लागल्या. मिस्त्रीला विचारलं तर तो चकित झाला. "तुमच्याच कागदात लिहिलंय ना ताई, भिजवून लावा." लिहिलेलं होतं. विटांच्या चेकलिस्टमधली ओळ, 'वीट' खोडून 'ब्लॉक' केलेली. वीट पाण्यात बुडवून घ्यायची असते. एएसी ब्लॉकचा फक्त पृष्ठभाग ओला करायचा असतो, नाहीतर तो पाणी पिऊन फुगतो आणि सुकताना आकसतो. त्या पोराने पहिले तीन मजले इमानदारीत टाकीत बुडवून काढले होते. ती ओळ बदलायला मला अर्धं मिनिट लागलं. भेगा भरायला सव्वा महिना.

मधल्या काळात कागदपत्रांचा जो छळ झाला त्यावर वेगळं लिहिता येईल, पण एकच सांगते. राडारोडा कुठे गेला, त्यातला किती पुन्हा वापरात आला, याचा वजनासकट पुरावा लागतो. वजनकाट्याच्या पावत्या स्टोअरवाल्याने व्यवस्थित, तारीखवार, फाइलीत लावल्या होत्या. आठ महिन्यांनी फाइल उघडली तर निम्म्या पावत्या कोऱ्या. थर्मल पेपर. छपाई उडून गेली होती. त्या दिवसापासून पावती आली की आधी झेरॉक्स आणि मग चहा.

आता तिसऱ्या ठेचेकडे, म्हणजे नळांकडे येते.

ए टॉवरचे खालचे अकरा मजले फिनिशिंगला आले होते. नळ बसले, टाकीतून पाणी सुटलं, दारं-खिडक्या लागल्या आणि आमची स्नॅगिंगची फेरी सुरू झाली. प्रत्येक घरात शिरायचं, हातात यादी, दोष दिसला की पिवळी चिकटपट्टी लावायची. टाइल पोकळ वाजते का, दार घासतं का, फ्लश गळतो का. फ्लश दुहेरी बटणांचे, तीन आणि सहा लिटरचे. नळांना तोंडाशी जाळी, एरेटर, जी पाण्यात हवा मिसळते. धार जाड वाटते पण मिनिटाला सहा लिटरच्या वर पाणी जात नाही. हिरव्या फाइलीतलं पाण्याचं सगळं गणित या जाळीवर उभं होतं. किती पाणी वाचणार, मलनिस्सारण केंद्राला किती लोड येणार, सगळं.

रेटिंगच्या कागदांसाठी नळाच्या प्रवाहाचे चार-पाच फोटो हवे होते. मी चौथ्या मजल्यावर गेले, पाच लिटरची खुणांची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला, दहा सेकंद मोजली, बंद केला. बादलीत दोन लिटरच्या वर. पुन्हा केलं, दोन पूर्णांक एक. म्हणजे मिनिटाला बारा लिटर सहाशे मिली. मला वाटलं खालच्या मजल्याचा दाब असेल, वर कमी होईल. नवव्या मजल्यावर गेले, तिथेही अकरा. मग खाली वाकून नळाच्या तोंडात बघितलं. आत नुसता पितळेचा आटा. जाळी नव्हती.

शेजारच्या घरात नव्हती. त्या मजल्यावर कुठेच नव्हती.

चोरी, हाच पहिला विचार. साइटवर तांब्याची वायर, नळ, अगदी दाराच्या बिजागऱ्याही जातात. प्लंबिंगचे मुकादम बिहारकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. विचारलं तर ते शांतपणे स्टोअरकडे चालू लागले आणि पाइपच्या रॅकमागून एक सिमेंटची रिकामी गोणी ओढून काढली. तोंड सुतळीने बांधलेलं. जमिनीवर पालथी केली. अकरा मजले, मजल्याला सहा घरं, घराला तीन नळ, असे १९८ नळ. मोजल्या तर १७१ जाळ्या निघाल्या. कुणी विकल्या नव्हत्या, फेकल्या नव्हत्या. नीट सांभाळून ठेवल्या होत्या.

"काहे निकाले, चाचा?"

"मॅडम, आपही तो फेल करते थे."

मला कळेना. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझ्या स्नॅगिंग यादीची झेरॉक्स, माझ्या सहीची. ओळ चौदा: नळाला पाणी कमी, प्रेशर तपासा. त्या ओळीपुढे घरामागून घर फुल्या होत्या. झालं होतं असं की, नवीन लाइनमध्ये वाळू, सिमेंटचे कण, पाइप कापल्याचा भुगा असतोच. पहिल्यांदा पाणी सोडलं की तो सगळा जाळीत येऊन अडकतो आणि धार करंगळीएवढी होते. माझ्या हाताखालची पोरं ते बघून फुली मारत. फुली पडली की ठेकेदाराचं बिल अडकतं. मुकादमाने दोन-चार जाळ्या काढून धुतल्या, पुन्हा बसवल्या, पुन्हा तुंबल्या, पुन्हा फुली. मग त्यांनी डोकं चालवलं. जाळी काढली, पाणी धो धो आलं, माझ्या पोरांनी बरोबरची खूण केली. पुढे सगळ्याच घरांत आधीच काढून ठेवल्या.

म्हणजे ज्या नळातून मिनिटाला बारा लिटर येत होतं तो निळ्या फाइलीत पास होता आणि हिरव्यात नापास. जो जाळी लावलेला होता तो हिरव्यात पास आणि निळ्यात नापास. दोन्ही फाइलींवर सही माझी.

मी एनसीआर काढला. 'जबाबदार विभाग' या रकान्यात क्वालिटी लिहिलं. पीएम साहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "स्वतःवरच?" मी हो म्हणाले. त्यांना ते जरा नाटकी वाटलं असावं, आणि थोडंसं होतंही. पण मूळ कारण लिहायच्या रकान्यात दुसरं काय लिहिणार? 'प्लंबरने जाळ्या काढल्या' हे कारण नव्हतं, तो परिणाम होता. कारणं दोन. लाइन धुऊन काढायची पायरी कामाच्या क्रमातच कुठे नव्हती, आणि 'कमी' म्हणजे किती कमी हे यादीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

उपाय एका दुपारी ठरले. जाळी न लावता आधी नळ पूर्ण सोडून लाइन धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पांढऱ्या बादलीत बघायचं, तळाला कण दिसता कामा नये. क्वालिटीची सही झाल्याशिवाय जाळी बसवायची नाही, हा होल्ड पॉइंट. मग जाळी, मग मोजमाप. ओळ चौदा आता अशी झाली: दहा सेकंदांत एक लिटर, थोडं कमी चालेल, जास्त नाही. गोणीतल्या जाळ्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासल्या. चाळीसेक जाळ्यांत सिमेंट कडक झालं होतं, त्या टाकून नव्या मागवल्या.

आणि ट्रेनिंग पुन्हा घेतलं. या वेळी सेल्स ऑफिसात नाही, चौथ्या मजल्यावर, सकाळी साडेआठच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीत, प्लंबिंगच्या बावीस माणसांसमोर. माझी हिंदी कळव्याची, लिंगाचं काही खरं नाही, त्यामुळे आधी दोन मिनिटं सगळे माझ्यावर हसले. मग मी काही न बोलता दोन बादल्या ठेवल्या. एक नळ जाळीचा, एक बिनजाळीचा, दोन्ही वीस सेकंद. एका बादलीत दोन लिटर, दुसरीत चार. मागे उभा असलेला एक हेल्पर म्हणाला, त्याच्या गावी एवढ्या पाण्यासाठी बायका उन्हात उभ्या राहतात. त्यावर कुणी काही बोललं नाही. त्याच्या पुढच्याने विचारलेला प्रश्न मला जास्त कामाचा वाटला: "सव्वा लिटर आया तो पास या फेल?" त्याला हद्द हवी होती, आणि तीच मी दोन वर्षं कुणाला दिली नव्हती. मी फेल सांगितलं. हजेरीच्या कागदावर बावीस सह्या आणि अंगठे झाले. ट्रेनिंग दहा मिनिटांत संपलं, चहासकट.

त्यानंतर मी आणि कन्सल्टंट मॅडमची सहायक अशा दोघींनी बसून निळ्या फाइलीतल्या एकूण एक चेकलिस्ट काढल्या आणि हिरव्या फाइलीशेजारी ठेवून वाचल्या. तीन शनिवार गेले. अकरा ठिकाणी भांडण सापडलं. रंगाच्या चेकलिस्टमध्ये 'वास आल्यास खिडक्या बंद ठेवून धूळ टाळा' असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, जिथे हिरवी फाइल म्हणत होती की कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला, रंग वापरा आणि हवा खेळती ठेवा. काही भांडणं आम्हाला सोडवता आली नाहीत. सळईचं घ्या. जालन्याच्या मिल भंगार वितळवून सळई करतात, पुनर्वापराचे गुण चांगले मिळतात, अंतरही चारशे किलोमीटरच्या मर्यादेत बसतं. पण आमच्या स्ट्रक्चरल सल्लागारांना टॉवरसाठी मोठ्या कारखान्यांचं प्राथमिक, म्हणजे खनिजापासून केलेलं पोलादच हवं होतं. ते हटले नाहीत आणि मला त्यात चूक दिसली नाही. गुण सोडून दिले.

गोल्ड मिळालं. पाटी लॉबीत लागली, फोटो झाले, सेल्सच्या पोरांनी पेढे वाटले.

पझेशन सुरू झाल्यावर आठवडाभर मी साइटवर होते. तक्रार वहीत तिसऱ्याच पानावर ओळ दिसली: किचनच्या नळाला पाणी कमी. सातवा मजला. मी बादली घेऊन गेले. दार उघडणाऱ्या काकू डोंबिवलीहून नव्याने राहायला आलेल्या, अजून खोकी उघडायची होती. त्यांच्यासमोर मोजलं. दहा सेकंदांत एक लिटरला किंचित कमी. बरोबर आहे काकू, असंच यायला हवं, म्हणून मी जाळीची सगळी कथा सांगितली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते कळलं गं. पण पातेलं भरायला किती वेळ लागतो बघ. पावभाजीचे बटाटे उकडायचे तर मी काय इथे नळापाशी उभी राहू?"

याचं उत्तर कुठल्याच फाइलीत नव्हतं. ड्राय बाल्कनीत कपडे धुण्याच्या मशीनसाठी एक नळ असतो, त्याला जाळी नसते. मी त्यांना तो दाखवला. पातेलं मी घरी तिथेच भरते, असंही सांगितलं. काकूंनी लगेच पातेलं आणून भरून बघितलं आणि वहीतल्या तक्रारीपुढे सही केली.